मोठे टायर, उंच जीप आणि त्यांचा जमाखर्च



बैलगाडीचे चाक तुम्ही जवळून पाहिले आहे का? शेजारी उभे राहिलात तर ते तुमच्या छातीपर्यंत पोचेल. आता रेल्वेच्या फलाटावर प्रवासी ओढत नेतात ती चाकांची बॅग आठवा. तिची चाके जेमतेम लिंबाएवढी असतात. गुळगुळीत फरशीवर बॅग सुरेख पळते. पण वाटेत दोन बोटे उंचीची कड आली, की ती अडते आणि मालकाला ती हाताने उचलून घ्यावी लागते. बैलगाडी मात्र चिखल, धोंडे, ओढा यांतून कुरकुरत का होईना, पार पडते. जिथे वाट धड नाही तिथे चाक मोठे हवे, हे आपल्या गावोगावच्या सुतारांना फार पूर्वीच कळले होते.

जीपसारख्या आडवाटेने जाणाऱ्या गाड्यांचे शौकीन लोक आज तोच विचार करताना दिसतात. ते कारखान्यातून आलेले टायर काढून अधिक मोठे टायर बसवतात. शिवाय स्प्रिंगा बदलून किंवा पाट्यांच्या जोडणीत फेरफार करून गाडी दोन-चार इंच उंच करून घेतात. अशी गाडी रस्त्याने निघाली की सगळ्यांच्या माना वळतात. पण या फेरफाराने गाडीला नेमके काय मिळते? आणि जे मिळते त्याची किंमत कोठे मोजावी लागते? दुकानदार पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्साहाने देतो; दुसऱ्याचे उत्तर मात्र कधी कधी घाटातल्या वळणावर मिळते. म्हणून आज आपण हा जमाखर्च कागदावर मांडू. तरफ, दाब, गुरुत्वमध्य आणि वर्तुळाचा परीघ एवढी शाळेतली शिदोरी त्याला पुरेशी आहे.

चाक धोंड्यावर कसे चढते?

कंपासपेटी काढा. कागदावर एक आडवी रेघ मारा. ती आपली जमीन. तिच्यावर ३.५ सेंटिमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ असे काढा, की ते रेघेला खालून नुसते टेकेल. हे झाले चाक. आता जमिनीपासून १ सेंटिमीटर उंचीवर वर्तुळाचा जो बिंदू येतो तेथे धोंड्याची कड आहे असे समजा. आपले चित्र प्रत्यक्षाच्या एक दशांश आहे. म्हणजे ३५ सेंटिमीटर त्रिज्येचे चाक १० सेंटिमीटर उंच धोंड्याला भिडले आहे.

चाक वर चढताना त्या कडेभोवती फिरते. म्हणजे ती कड हा तरफेचा टेकू झाला. चाकावरचा भार मध्यबिंदूतून सरळ खाली ओढतो आणि चाकाला मागे लोटू पाहतो. बैलांची ओढ मध्यबिंदूतून आडवी पुढे लागते आणि चाकाला वर चढवू पाहते. मध्यबिंदूपासून टेकूपर्यंतचे आडवे अंतर हा भाराचा हात, आणि उभे अंतर हा ओढीचा हात. तुमच्या चित्रात ही दोन्ही अंतरे मोजा. आडवे सुमारे २.४५ सेंटिमीटर आणि उभे २.५ सेंटिमीटर भरेल. दोन्ही हात जवळजवळ सारखे! म्हणजे चाकावर १०० किलो भार असेल, तर ते धोंड्यावर चढवायला सुमारे ९८ किलोची ओढ लागेल.

आता ७ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. हे झाले बैलगाडीचे चाक. धोंडा तेवढाच ठेवा. आडवे अंतर ३.६ आणि उभे ६ येईल. ओढ लागेल फक्त ६० किलोची. आणि १.५ सेंटिमीटर त्रिज्येचे लहान चाक काढलेत तर? आडवे १.४ आणि उभे अवघे ०.५! तोच भार चढवायला २८० किलोहून अधिक ओढ हवी. बॅग का अडते ते आता लक्षात आले असेल.

जीपची गोष्ट थोडी निराळी आहे. तिची चाके नुसती ओढली जात नाहीत, इंजिन त्यांना फिरवते. तरीही मूळ मुद्दा बदलत नाही. अडथळा चाकाच्या मानाने जितका लहान, तितका तो सोपा. मोठ्या टायरची ही पहिली जमा.

टायरवरचे आकडे वाचा

टायर किती मोठा, हे त्याच्या कडेवर लिहिलेलेच असते. फक्त वाचता आले पाहिजे. समजा एका जीपच्या टायरवर २३५/७० आर १६ असे लिहिले आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, २३५ मिलिमीटर. दुसरा आकडा टक्केवारी आहे. टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के आहे, म्हणजे १६४.५ मिलिमीटर. 'आर' हे अक्षर रेडियल बांधणीची खूण आहे. शेवटचा १६ हा लोखंडी रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत असतो! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिन्ही नांदतात.

आता बेरीज करू. १६ इंच म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन कडा मिळवा. त्यांचे ३२९ मिलिमीटर होतात. टायरचा पूर्ण व्यास झाला ७३५.४ मिलिमीटर. मालकाला त्याजागी २६५/७५ आर १६ हा टायर बसवायचा आहे. तुम्ही स्वतः हिशेब करा, उत्तर ८०३.९ मिलिमीटर येईल. व्यासात ६८.५ मिलिमीटरची वाढ झाली.

पण गाडी तेवढी उंच होणार नाही. चाकाचा मध्य जमिनीपासून त्रिज्येइतका उंच असतो, व्यासाइतका नव्हे. म्हणून उंची वाढेल त्याच्या निम्मी, सुमारे ३४ मिलिमीटर. एवढा खर्च करून साडेतीन सेंटिमीटरसुद्धा नाही! मग लोक गाडीच उंच करायला निघतात. येथेच पुष्कळांचा घोटाळा होतो.

उंची कोणाची वाढली?

जुन्या पद्धतीच्या जीपखाली वाकून पाहा. डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एक जाड लोखंडी नळा गेलेला दिसेल. तो गाडीचा आस. त्याच्यावर मोठ्या नारळाएवढा एक गोळा असतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाकडून आलेली गती त्यातल्या दंतचक्रांमार्फत दोन्ही चाकांना वाटली जाते. गाडीच्या तळाचा जमिनीला सर्वांत जवळचा भाग बहुधा हाच. १९४१ साली अमेरिकेत तयार होऊ लागलेल्या युद्धकाळातील विलीज जीपमध्ये या गोळ्याखाली सुमारे २२ सेंटिमीटर मोकळी जागा होती. त्याच घराण्यातली जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवली जाऊ लागली आणि पुढे खेड्यापाड्यांतून ओळखीची झाली.

आता विचार करा. हा आस स्प्रिंगांच्या खाली, थेट चाकांना जोडलेला आहे. स्प्रिंगा लांब केल्या तर काय वर जाईल? गाडीचा सांगाडा, इंजिन, आसने, माणसे, सामान. आस मात्र होता तेथेच राहील आणि गोळाही जागचा हलणार नाही. गाडी चार इंच उंच केली तरी चाकोरीच्या मधला जो धोंडा काल गोळ्याला लागत होता, तो आजही लागणारच. त्याला वर उचलणारी गोष्ट एकच, मोठा टायर.

मग स्प्रिंगांवर गाडी उंच करण्याचा उपयोग काय? दोन उपयोग आहेत. पहिला साधा आहे. मोठ्या टायरला जागा लागते. खड्ड्यात चाक वर दबले की टायर मडगार्डला घासतो. गाडी उंच केली की ही जागा मिळते.

दुसरा उपयोग कोनांचा. गाडीने बांध ओलांडताना पुढची चाके पलीकडे उतरतात, मागची अलीकडे असतात, आणि पोट मधोमध बांधावर टेकते. मग चारही चाके फिरत राहतात आणि गाडी जागच्या जागी! पोट न टेकता गाडी किती तीव्र उंचवटा ओलांडेल, हे एका कोनाने सांगता येते. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांत २४५ सेंटिमीटर अंतर आहे आणि पोट जमिनीपासून २३ सेंटिमीटर वर आहे. असा हिशेब केला तर हा कोन सुमारे २२ अंश येतो. मोठ्या टायरने साडेतीन आणि स्प्रिंगांनी ५ अशी साडेआठ सेंटिमीटरची भर घातली, की कोन होतो सुमारे ३० अंश. ही वाढ मोठी आहे. चढाला भिडताना पुढचा बंपर आणि उतरून सपाटीला लागताना मागचा बंपर टेकू नये यासाठीचे कोनही असेच वाढतात.

उंच करण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यात स्प्रिंगांना हात न लावता सांगाडा आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालतात. बॉडी वर जाते, पण सांगाडा आणि गिअरपेटी पूर्वीच्याच उंचीवर राहतात. त्यामुळे टायरला जागा होते. पोट टेकायचे ते टेकतेच. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच उंच दिसतात. बांधावर मात्र त्यांतला फरक कळतो.

काही नव्या गाड्यांत प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खाली-वर होते आणि डिफरन्शियल सांगाड्याला बांधलेले असते. तेथे स्प्रिंगांवर गाडी उंच केली की गोळाही वर जातो. पण मग त्यातून चाकांकडे जाणारे दांडे तिरके होतात. या तिरकेपणाची किंमत आपण पुढे पाहू.

हवेचा खेळ

टायर मोठा असण्याचा आणखी एक फायदा वाळूत, चिखलात आणि बर्फात दिसतो. त्याचे गणित फार सोपे आहे.

समजा गाडी २,००० किलोची आहे. प्रत्येक चाकावर ५०० किलो भार आला. पेट्रोलपंपावर आपण '३० पौंड हवा' भरतो म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड दाब. आपल्या मापात तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो होतो. टायरच्या आतली हवा जेवढ्या दाबाने भार पेलते, साधारण तेवढ्याच दाबाने टायर जमिनीला रेटतो. म्हणून ५०० ला २.१ ने भागा. टायरचा जमिनीला टेकलेला ठसा सुमारे २४० चौरस सेंटिमीटर निघेल. तुमच्या वहीच्या पानाहून तो लहानच आहे! हवा १५ पौंडांवर आणली की ठसा दुप्पट होतो आणि जमिनीवरचा दाब निम्मा. टायरची कडही थोडा भार पेलते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे जरा वेगळे येतील. पण अंदाज बरोबर आहे.

ब्रिटिश सैन्याधिकारी रॅल्फ बॅग्नॉल्ड याने १९३० च्या सुमारास इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी नेल्या. त्या काळी जेथे उंटच जात तेथे मोटार चालवण्याची त्याची एक युक्ती म्हणजे टायरमधली हवा कमी करणे. उंटाचे पाऊल वाळूवर पसरते, तसा टायर पसरतो. पुढे १९४१ साली याच बॅग्नॉल्डने वाळू वाऱ्याने कशी वाहते आणि टेकड्या कशा बनतात यावर लिहिलेला ग्रंथ आजही शास्त्रज्ञ वापरतात.

आइसलँडच्या लोकांनी हीच युक्ती हिमनद्यांवर नेली. त्यांच्या गाड्यांना ३८ किंवा ४४ इंच व्यासाचे टायर असतात. ४४ इंच म्हणजे जवळजवळ ११२ सेंटिमीटर. बैलगाडीच्या चाकाशी बरोबरी करणारे! भुसभुशीत बर्फावर त्यांतली हवा ३ पौंडांच्या आसपास आणतात. हिशेब करा. दर चौरस सेंटिमीटरला दाब राहिला सुमारे ०.२ किलो, आणि ५०० किलो पेलायला प्रत्येक चाकाचा ठसा हवा २,५०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे अर्धा मीटर लांब-रुंद. लहान टायरमध्ये एवढा ठसा मावणारच नाही. तो पुरता चेपून रिमच जमिनीला टेकेल. मोठा टायर येथे खरोखर हवा.

आता तुमचे वजन ४५ किलो धरा आणि एका पावलाचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर. चालताना सगळा भार एका पायावर येतो तेव्हा तुमचा दाब होतो ०.३ किलो. दोन टनांची गाडी बर्फाला तुमच्यापेक्षा हळुवारपणे दाबते, हे खरे वाटते का?

या गाड्यांचा आपल्याशीही संबंध आला आहे. गोव्यात वास्को येथे अंटार्क्टिक संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्या केंद्राचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांची तुकडी नोव्हेंबर २०१० मध्ये 'मैत्री' या भारतीय तळावरून निघाली आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटर बर्फ तुडवून दक्षिण ध्रुवावर पोचली. दक्षिण ध्रुवावर गेलेली ही पहिली भारतीय वैज्ञानिक मोहीम. तिच्यासाठी आइसलँडच्या कंपनीने मोठे टायर घालून तयार केलेल्या चार गाड्या वापरल्या होत्या.

हवा कमी करताना एक पथ्य पाळावेच लागते. कमी हवेचा टायर सतत चेपतो, सुटतो आणि तापतो. मऊ जमिनीवर हळू जाताना ते चालते. तशाच टायरने डांबरी रस्त्यावर वेगाने गेलात तर तो फाटू शकतो. म्हणून रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावीच लागते.

आता खर्चाची बाजू

जमेची बाजू पाहिली. आता खर्च लिहू.

पहिला खर्च ताकदीचा. इंजिन आसाला पीळ देते आणि चाक त्या पिळाचे जमिनीवरच्या रेट्यात रूपांतर करते. त्रिज्या हा तरफेचा हात. हात लांबला की तोच पीळ कमी रेटा देतो. आपल्या उदाहरणात त्रिज्या ९.३ टक्क्यांनी वाढली, म्हणून रेटा सुमारे साडेआठ टक्क्यांनी घटला. चढावर गाडी दमल्यासारखी वाटते ती यामुळेच. उपाय म्हणजे डिफरन्शियलमधली दंतचक्रे बदलणे. गुणोत्तर ४.१ असेल तर ते सुमारे ४.५ करावे लागेल. हे काम बरेच खर्चाचे आहे. शिवाय चारही चाकांना इंजिन जोडलेले असेल तर ते पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखेच करावे लागते.

दुसरा खर्च खरेपणाचा! वेग दाखवणारा काटा प्रत्यक्ष अंतर मोजत नाही, तो फेऱ्या मोजतो. जुन्या टायरचा परीघ २.३१ मीटर होता. एका किलोमीटरला सुमारे ४३३ फेरे पडत. नव्या टायरचा परीघ २.५३ मीटर, फेरे पडतात ३९६. काट्याला याची खबर नसते. काटा ताशी ६० किलोमीटर दाखवत असताना गाडी जवळजवळ ६६ ने धावत असते.

तिसरा खर्च ब्रेकचा. मोठा टायर जड असतो आणि त्याचे वजन मध्यापासून दूर असते. सायकल उलटी ठेवून चाक जोरात फिरवा आणि हाताने थांबवा. मग कडेला ओल्या चिंध्या बांधून तेच करा. फरक तळव्याला लगेच कळेल. जीपचे ब्रेक मात्र पूर्वीएवढेच आहेत. शिवाय जमिनीचा रेटा आता लांब हाताने चाक फिरवत राहतो. म्हणून पायाला जास्त जोर लावावा लागतो, आणि लांब उतारावर ब्रेक लवकर तापतात.

चौथा खर्च सांध्यांचा. गिअरपेटीकडून आसाकडे जाणाऱ्या दांड्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. दांडा थोडा तिरका असला तरी हे सांधे गती पोचवतात. गाडी उंच केली की दांडा अधिक तिरका होतो. मग एका फेऱ्यात सांध्यापलीकडची गती कमी-जास्त होऊ लागते, गाडी थरथरते आणि सांधे लवकर झिजतात. सुकाणूच्या दांड्यांचेही तसेच. त्यांचे कोन बिघडले तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपोआप एका बाजूला ओढ घेते.

आणि पाचवा खर्च सर्वांत मोठा.

गाडी कधी उलटते?

आगपेटीत थोडी वाळू भरा आणि ती पुठ्ठ्यावर आडवी ठेवा. तिच्यापुढे पेन्सिल चिकटवा, म्हणजे ती घसरणार नाही. पुठ्ठा एका बाजूने हळूहळू उचला. बराच उचलावा लागेल, तेव्हा पेटी कलंडेल. आता तीच पेटी उभी ठेवून पाहा. थोडे उचलताच ती कोसळते. वजन तेच, पेटी तीच. फक्त गुरुत्वमध्य वर गेला आणि पाया अरुंद झाला.

गाडीचा पाया म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. समजा ते १५० सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर वर आहे. निम्म्या पायाला उंचीने भागले की ७५ भागिले ७०, म्हणजे १.०७ येते. याचा अर्थ उभी गाडी सुमारे ४७ अंश कलल्यावर उलटेल. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेची सरकारी संस्था गाड्यांच्या उलटण्याचा धोका सांगताना २००१ सालापासून हाच भागाकार वापरत आली आहे.

आता मोठा टायर साडेतीन सेंटिमीटर देतो. स्प्रिंगांवर गाडी ५ सेंटिमीटर उंच केली, पण आस आणि चाके जागीच राहिली, म्हणून गुरुत्वमध्य त्याहून थोडा कमी, धरा ४ सेंटिमीटर, वर गेला. नवी उंची ७७.५. भागाकार झाला ०.९७ आणि कोन ४४ अंश.

तीनच अंश गेले, असे म्हणू नका. वळणावर काय होते ते पाहा. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिली गाडी कागदावर ताशी ६४ किलोमीटरला उलटण्याच्या सीमेवर येते, उंच केलेली ६१ लाच. आणि काट्यावर ६१ दिसत नसतात! काटा फेरेच मोजतो. खरा वेग ६१ असताना तो ५६ च्या आसपास दाखवत असतो. म्हणजे चालकाला वाटते आपण नेहमीपेक्षा हळूच आहोत. दोन खर्च असे एकमेकांच्या मदतीला येतात.

हे झाले कागदावर. प्रत्यक्षात गाडी स्प्रिंगांवर बाहेरच्या बाजूला झुकते, मऊ टायर चेपतात, आणि ही सीमा अजून खाली येते. सपाट रस्त्यावर बहुधा चाके आधी घसरतात आणि गाडी वाचते. पण घसरता घसरता चाक रस्त्याच्या कडेला किंवा मऊ मातीत अडकले, की पायच अडकल्यासारखे होऊन गाडी कोलांटी घेते. त्यात टपावरच्या कॅरिअरवर सामान, जास्तीचे चाक आणि पाण्याचे डबे लादले तर गुरुत्वमध्य आणखी वर जातो. पन्नास किलो सामान तळाशी ठेवले की टपावर, यावर आतल्या माणसांचा जीव अवलंबून असू शकतो.

मग निवड कशी करावी?

सगळा हिशेब समोर आहे. त्यातून निवडीचा क्रम आपोआप ठरतो.

आधी विचारावे, जायचे कोठे आहे? वर्षातून दोनदा शेतातल्या चिखलातून जायचे असेल, तर चांगल्या नक्षीचे, मूळ मापाचेच टायर आणि हवेचा दाब मोजण्याचे साधन एवढ्यावर काम भागते. डिफरन्शियलचा गोळा खरोखर धोंड्यांना लागत असेल, तर टायर मोठा हवा; स्प्रिंगा उंच करून ते दुखणे जाणार नाही. गोळा सुटतो पण पोट टेकते, असे असेल तर स्प्रिंगांचा विचार करावा. टायर निवडला की तो पूर्ण वळवून आणि पूर्ण दाबून कोठे घासतो ते पाहावे, आणि जेवढी जागा हवी तेवढीच उंची वाढवावी. चार इंच मिळतात म्हणून चार इंच घेऊ नयेत. त्यानंतर दंतचक्रे, ब्रेक, दांड्यांचे कोन आणि वेगाचा काटा ही चारही कामे झाल्यावाचून गाडी घाटात नेऊ नये.

भारतात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे निर्मात्याने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. आइसलँडमध्ये अशा गाड्या रस्त्यावर चालतात, पण तेथे फेरफार केलेल्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणि खास तपासणी आहे. ब्रेक, सुकाणू आणि उलटण्याचा कोन कोणीतरी जाणकाराने पाहिलेला असावा, हाच दोन्हीकडचा हेतू.

आता तुमची पाळी

शेवटी तीन उदाहरणे तुमच्यासाठी. वही घेऊन सोडवा.

१. घरच्या किंवा शेजारच्या मोटारीच्या टायरवरील आकडे उतरवून घ्या. त्यावरून व्यास आणि परीघ काढा. मग टायरवर खडूची खूण करून, गाडी मालकाला हळू पुढे घ्यायला सांगा आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते ते टेपने मोजा. दोन उत्तरांत थोडा फरक येईल. तो का येतो? जमिनीला टेकलेल्या टायरचा आकार पाहा म्हणजे सुचेल.

२. एका गाडीच्या चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंच आहे. ती किती अंश कलल्यावर उलटेल? त्रिकोणमिती अजून शिकला नसाल तर कागदावर मापाने चित्र काढून कोनमापकाने मोजा.

३. आपल्या गावातल्या बैलगाडीच्या चाकाची त्रिज्या मोजा. १५ सेंटिमीटर उंच बांधावर ते चढवायला भाराच्या किती पट ओढ लागेल? आणि हल्ली पुष्कळ बैलगाड्यांना लोखंडी धावेच्या मोठ्या लाकडी चाकांऐवजी मोटारीची लहान रबरी चाके बसवतात. त्यात काय मिळाले आणि काय गेले, याचा जमाखर्च आजच्या पद्धतीने मांडा. गाडीवानालाही विचारा. त्याचे उत्तर तुमच्या वहीतल्या उत्तराशी जुळते का, ते पाहा.